तिघं एकदम वाजवतात, तरी कुणाचं बुडत नाही

वरातीतला बँड आपल्या कानात पक्का बसलेला आहे. पुढे क्लॅरिनेट, मागे दोन-चार ट्रंपेट, एखादा युफोनियम, अंगाभोवती सूझाफोन गुंडाळलेला एक घामाघूम माणूस, आणि सगळे मिळून एकच चाल वाजवतात. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमधली वाद्यंही जवळपास हीच. फरक एका नियमाचा: समोर उभ्या असलेल्या तिघांनी, म्हणजे ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि ट्रोंबोनने, एकच चाल वाजवायची नाही. तिघांच्या तीन वेगळ्या ओळी, त्याही बऱ्याचशा तिथल्या तिथे सुचलेल्या, एकाच वेळी चालतात आणि तरीही ऐकणाऱ्याला मूळ चाल स्वच्छ कळते.

हे जमवणं अवघड आहे. युरोपातले आजचे तरुण वादक ते ज्या सफाईने करतात ते ऐकलं, की एकट्याने बहारदार सोलो वाजवणं हा या कामातला सोपा भाग वाटायला लागतो.

युरोपात हे संगीत रुजलं कसं, ते थोडक्यात. जॅझची पहिली तबकडी फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रित झाली. ती करणारा ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड १९१९ मध्ये लंडनमध्ये वाजवत होता. त्याच वर्षी सिडनी बेशे हा न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवादकही लंडनला पोहोचला. पुढे तो फ्रान्समध्ये स्थायिक झाला आणि १९५९ मध्ये तिथेच वारला. डच स्विंग कॉलेज बँडची स्थापना ५ मे १९४५ ची, म्हणजे नेदरलँड्सच्या मुक्तीच्याच दिवसाची. इंग्लंडचा केन कोलियर जहाजावर नोकरी धरून १९५२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेला, व्हिसाची मुदत उलटल्यावर तुरुंगात बसला आणि परतताना तिथल्या म्हाताऱ्या वादकांशेजारी बसून शिकलेली पद्धत घेऊन आला. १९६० च्या आसपास ब्रिटनमध्ये या 'ट्रॅड'ची, म्हणजे पारंपरिक जॅझची, मोठी लाट आली आणि बीटल्स आले तशी ओसरली. मग बराच काळ हे संगीत म्हणजे रविवारी दुपारी पबमध्ये, पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं घालून वाजवायची गोष्ट होऊन बसली. त्या मंडळींनी ते जिवंत ठेवलं, हे उपकारच. पण त्यांना एक खोड लागली होती, तिच्याकडे पुढे येतो.

तरुणांचं खूप पाहिलं गेलेलं एक उदाहरण बार्सिलोनाचं. तिथल्या सांत आंद्रेउ भागात, पालिकेच्या संगीतशाळेच्या आधाराने, झुआन चामोरो यांनी २००६ मध्ये मुलांचा बँड उभा केला. सहा-सात वर्षांच्या पोरांपासून विशीतल्यांपर्यंत सगळे एकाच मंचावर. आंद्रेया मोतिस (जन्म १९९५) इथलीच; ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवते, गाते, आणि २०१७ मध्ये तिचा अल्बम 'इम्पल्स' या नामांकित अमेरिकी लेबलवर आला. ट्रोंबोन वाजवत गाणारी रीता पायेस (जन्म १९९९) आणि व्हायोलिनबरोबर टेनर सॅक्सोफोन हाताळणारी एलिया बास्तिदा, याही तिथल्याच. सांत आंद्रेउचा बँड काटेकोर अर्थाने 'ट्रॅड' नव्हे. स्विंग, बॉसा नोव्हा, सगळंच तिथे चालतं. महत्त्वाची आहे ती शिकवण्याची रीत: आधी कान, मग कागद. चाल गळ्यातून निघाल्याशिवाय वाद्याला हात लावण्यात अर्थ नाही, वाजवणाऱ्याने गायचंही, एकाला दोन वाद्यं यावीत, आणि स्कॉट हॅमिल्टनसारखा मुरलेला अमेरिकी सॅक्सोफोनवादक पाहुणा आला तर त्याच्याही शेजारी पोरांनीच उभं राहायचं.

गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांनी मुलांना असंच लहानपणी संगीतात आणलं. पण तिथे सुरुवात सोल्फा (डो-रे-मी, म्हणजे त्यांचं सारेगम) आणि स्वरलिपी वाचण्यापासून व्हायची. त्या वाचनाच्या जोरावर गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेसंगीतात शिरले. हळदोण्याचा चिक चॉकलेट तर ट्रंपेटवर थेट लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजवायचा आणि आपल्या सी. रामचंद्रांकडे काम करायचा. वाचून आलेला वादक कुठल्याही ताफ्यात दुसऱ्या दिवशी उभा राहू शकतो, ऐकून आलेल्याला शेजाऱ्याचं उत्तर पटकन सुचतं. न्यू ऑर्लिन्सच्या शैलीला हा दुसरा गुण आधी लागतो.

आता समोरच्या तिघांकडे.

कॉर्नेट (ट्रंपेटचाच आखूड भाऊ) किंवा ट्रंपेट हा म्होरक्या. मूळ चाल त्याच्याकडे, आणि त्याचं काम कमी वाजवणं. मधल्या सप्तकात, थोडक्या स्वरांत, ठेक्यावर ठाम. आठ बारांच्या वाक्यात शेवटचे दीड-दोन बार त्याने मोकळे सोडायचे. (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक विभाग.) कॉन्झर्व्हेटरीतून, म्हणजे संगीत महाविद्यालयातून, आलेला जोमदार ट्रंपेटवादक नेमका इथे चुकतो. तार सप्तकात जातो, मोकळी जागा दिसली की भरतो, आणि मग क्लॅरिनेटला वर जायला जागा उरत नाही, ट्रोंबोनला बोलायला फट उरत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीचे दोघे गोंगाट करताहेत. वास्तविक चूक पहिल्याची असते.

वरातीत चाल क्लॅरिनेटकडे असते, इथे ते चालीच्या वर फिरतं. एका मात्रेला दोन स्वर अशा गतीने, सुरावटीतले स्वर जोडत. (सुरावट म्हणजे इथे कॉर्ड, एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट.) नियम सोपा: ट्रंपेट चालत असेल तर लांब स्वर धरा, ट्रंपेट थांबला की पळा. क्लॅरिनेटच्या मधल्या पट्ट्यात, जिथे बहुतेक भोकं उघडी असतात, आवाज मुळातच कोता निघतो आणि तिथेच ट्रंपेटची चाल चालू असते. तिथे रेंगाळणारं क्लॅरिनेट हमखास बुडतं. म्हणून एकत्र वाजवताना वरचा पट्टा, आणि खालचा गडद पट्टा फक्त स्वतःच्या सोलोत, ही वाटणी बरी. क्लॅरिनेटवाल्याची जुनी परीक्षा म्हणजे 'हाय सोसायटी'. पोर्टर स्टील यांचं हे १९०१ चं मार्च; त्यातला पिकोलोसाठी लिहिलेला भाग अल्फोन्स पिकू यांनी क्लॅरिनेटवर आणला, आणि तेव्हापासून तो प्रत्येकाला यावाच लागतो. काही तरुण तर त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची, वेगळ्या चाव्यांची अल्बर्ट पद्धतीची क्लॅरिनेट शोधून काढतात. न्यू ऑर्लिन्सचे जुने क्लॅरिनेटवादक जॉनी डॉड्स आणि जॉर्ज लुइस तीच वाजवायचे. आवाज रुंद येतो खरा, पण बोटांची सवय नव्याने लावावी लागते. पहिल्या दोन वर्षांत कुणी या फंदात पडू नये.

ट्रोंबोनची गंमत मींडेत आहे. बाकीच्या दोघांना मींड ओठांनी आणि बोटांनी कशीबशी काढावी लागते, ट्रोंबोनची नळीच सरकते. पण ती हवी तिथून हवी तिथे जात नाही. नळीच्या सात जागा, दोन जागांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर. म्हणजे सलग मींड जास्तीत जास्त सहा अर्ध्या स्वरांची. बी फ्लॅटवर यायचं असेल तर नळी पूर्ण आत असते, म्हणून सातव्या जागेवरच्या 'ई'पासून थेट चढता येतं. त्याच फुंकीत 'जी'वर यायचं असेल तर तो चौथ्या जागेवर, तेव्हा खालून मिळतात फक्त तीन अर्धे स्वर. ज्याने हा हिशोब केलेला नसतो तो मधेच स्वर तोडतो आणि भरदार मींडेऐवजी उचकी ऐकू येते. दुसरं असं, की ट्रोंबोनचं मुख्य काम मींड नाहीच. एका सुरावटीतून दुसरीत जाताना मधला दुवा दाखवणं, हे मुख्य काम. मींड चवीपुरती. दर चौथ्या बाराला ती आली तर सर्कस वाटते.

तिघांची तालीम घ्यायची तर ठेकेवाल्यांना बाहेर चहाला पाठवावं. ड्रम, बँजो, बेस काहीही नाही, फक्त तीन फुंकवाद्यं, मध्यम लयीत, आवाज निम्मा. त्या तिघांवरून सुरावट कुठे बदलली ते कळत असेल तर गाडी रुळावर आहे. कळत नसेल तर कुणीतरी बोटांच्या सवयीने वाजवतंय, ऐकून नाही.

सूर कुठली पट्टी धरतात तेही सांगायला हवं. आपल्या पेटीच्या भाषेत: काळी पाच, काळी दोन, पांढरी चार, काळी चार. म्हणजे बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट. कारण ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ही काळी पाचची वाद्यं. त्यांचा लिहिलेला 'सी' ऐकू येतो बी फ्लॅट. गिटारवाल्याला सोयीची पांढरी तीन घेतली, तर ट्रंपेटवाल्यासमोर सहा शार्पची, म्हणजे त्याला अवघड, पट्टी उभी राहते. जुन्या मार्चच्या घाटाच्या रचनांमध्ये आणखी एक मेख असते: मधल्या 'ट्रिओ' भागात षड्जच सरकून मध्यमावर जातो. काळी पाचवरून काळी दोन. बेसवाला हा बदल विसरला की सगळा ताफा दोन बार लटकतो.

मागच्या फळीत बँजो असतो तो चार तारांचा टेनर बँजो. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. त्याने फक्त चार मात्रांचे चार ठोके द्यायचे, वरून खाली, सारखे. यात दोन गोष्टी बिघडतात. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर फार जोर दिला तर चाल लंगडते, आणि डाव्या हाताची बोटं ठोक्यानंतर सैल केली नाहीत तर तारा घुमत राहून सगळं पिठूळ होतं. वासराच्या कातड्याची पुडी असेल तर दमट हवेत ती सैल पडते. पावसाळ्यातला तबला आठवावा. म्हणून बहुतेक जण प्लास्टिकची लावतात.

ट्यूबा किंवा सूझाफोन पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. दुसरी-चौथी श्वासाची. डबल बेस असेल तर तारा आतड्याच्या हव्यात, कारण पोलादी तारेचा स्वर लांबत राहतो आणि ठोक्यांमधली रिकामी जागा, जिच्यावर सगळं उभं आहे, ती भरून टाकतो. एक तिसरा पर्याय १९२० च्या दशकात होता तो म्हणजे बेस सॅक्सोफोन. त्या वाद्याचा मोठा वादक एड्रियन रोलिनी. त्याच्या संगीताला वाहिलेला आख्खा अल्बम हंगेरीच्या अतिला कोर्बने केलाय. कोर्ब एरवी ट्रोंबोनवाला. ड्रमवाल्यांबद्दल एकच तक्रार: उजव्या हाताची मोठी झांज सतत वाजवायची सवय आधुनिक जॅझची आहे. इथे ठेका मुख्यतः स्नेअरवर (खाली तारा लावलेला चपटा ड्रम), दाबून लोळवलेल्या काठ्यांनी. मधे लाकडी ठोकळा, गाईची घंटा, आणि हाताने पकडून बंद केलेली झांज.

लाकडी ठोकळ्यावरून मात्र एक मोठा घोटाळा होतो. तरुण वादक जुन्या तबकड्या ऐकून शिकतात, आणि १९२३ च्या तबकड्यांवर ड्रमवाला बऱ्याचदा फक्त ठोकळा वाजवताना ऐकू येतो. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडने त्या वर्षी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी वाजवलं तेव्हा मायक्रोफोन नव्हतेच. एका कर्ण्यात आवाज गोळा होऊन त्याच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची. मोठ्या ड्रमचा दणका बसला की सुई उडायची. म्हणून त्या बँडचा ड्रमवाला बेबी डॉड्स याने ठोकळे घेतले. कंपनीची अडचण ही शैली समजून आजचा ड्रमवाला रात्रभर टकटक करत बसला तर त्याने तबकडीची नक्कल केली, बँडची नाही. त्याच ध्वनिमुद्रणात दुसरा कॉर्नेट वाजवणाऱ्या तरुण आर्मस्ट्राँगला कर्ण्यापासून लांब उभं केलं होतं, असं सांगतात. तेव्हा दोन कॉर्नेटमधला तबकडीवरचा तोलही खरा धरता येत नाही. वीज वापरून मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झालं. त्यानंतरच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक आणि रचनाकार जेली रोल मॉर्टन याच्या १९२६ च्या तबकड्या शिकायला म्हणूनच जास्त भरवशाच्या.

दुसरा घोटाळा गतीचा. अठ्ठ्याहत्तरच्या म्हणवल्या जाणाऱ्या सगळ्या तबकड्या खरोखर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी कोरलेल्या नसत. पंचाहत्तरला कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने चढतो आणि लयही चार टक्के वाढते. ऐकणारा म्हणतो, अरे, ही धून काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी आहे. अशा वेळी आधी वादकांची सोय पाहायची: ट्रंपेटसाठी सहा-सात शार्पची पट्टी निघत असेल तर गती चुकलेली आहे. ती उतरवून सूर काळी पाचवर आणायचा आणि मगच चाल उतरवून घ्यायची. अॅपमध्ये लय कमी करताना 'पट्टी तीच ठेवा' हे बटण इथे घात करतं, कारण तबकडीची गती सुधारायची तर दोन्ही एकदम उतरायला हवीत.

लंडनच्या दोघांनी हे काम किती तपशिलात जाऊ शकतं ते दाखवलं. क्लॅरिनेटवाला डेव्हिड हॉर्निब्लो आणि तेव्हा लंडनमध्ये राहणारा अमेरिकी पियानोवादक अँड्र्यू ऑलिव्हर यांनी २०१८ हे वर्ष मॉर्टनच्या समग्र रचना दोघांतच वाजवून ध्वनिमुद्रित करण्यात घालवलं. सहा-सात वाद्यांची गर्दी दोघांत बसवायची म्हणजे काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे प्रत्येक बाराला ठरवणं आलं. फ्रान्समधल्या 'थ्री ब्लाइंड माइस'मध्ये मालो माझुरिएचा कॉर्नेट, फेलिक्स युनोची गिटार आणि सेबास्तियाँ जिरार्दोचा बेस, एवढंच. ड्रम नाही. लय तिघांच्या मनगटात नसेल तर लपायला जागाच नाही.

आता ती खोड. बत्तीस बारांचं एक आवर्तन, ज्याला हे लोक कोरस म्हणतात, मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत ३८ सेकंदांत संपतं. दहा इंची तबकडीवर मावायची तीन मिनिटं, म्हणजे जेमतेम साडेचार-पाच कोरस. त्यात सुरुवात, एखादा सोलो, दोन बारांचे ब्रेक (बाकीचे थांबतात, एकटा वाजवतो) आणि शेवटचा सामुदायिक कोरस, सगळं बसवायचं. पबमधल्या पद्धतीत मात्र सहाच्या सहा जण प्रत्येकी दोन कोरस घेतात. सहा दुणे बारा, आगेमागे सगळ्यांचे मिळून दोन, एकूण चौदा. नऊ मिनिटं! त्यातली सुमारे पावणेआठ मिनिटं एकेकट्याची. ज्या गोष्टीसाठी हे संगीत ऐकायचं, ती सव्वा मिनिट.

तरुणांनी ही खोड मोडली त्यामागे अभ्यास आहे तसा पोटापाण्याचाही प्रश्न आहे. आज या बँडांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्विंग नाचणारी मंडळी. स्वीडनमधल्या हेरेंग गावात १९८२ पासून नाचाचं शिबिर भरतं, बार्सिलोनात लिंडी हॉप नाचणारे चौकाचौकात दिसतात. नाचणाऱ्याला एका जोडीदाराबरोबर तीन-चार मिनिटं हवी असतात, नऊ नव्हे. लयही साधारण १४० ते २०० मधली. अडीचशेच्या पुढे मोजकेच टिकतात. मग बँड आपोआप तबकडीच्या मापात येतो. पाय हलवणारे समोर असले की लय पळवणंही कमी होतं, कारण पळाली की ताबडतोब दिसतं. लय पळते ती सहसा सामुदायिक शेवटात: आवाज वाढवायचा म्हणून हात जड होतात आणि जड हात पुढे धावतो. उपाय म्हणजे शेवटचा कोरस मोठा करायचा तो वरच्या स्वरांनी आणि दाट ओळींनी. बँजोवाल्याने तिथे जाणूनबुजून हलकं वाजवायचं.

वसंतात ड्रेस्डेनला, ब्रेडाला आणि जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या आस्कोनाला महोत्सव भरतात. ड्रेस्डेनचा १९७१ पासूनचा, पूर्व जर्मनीच्या काळातला. वसंतातल्या उघड्यावरच्या वाजवण्याला थंडीची अडचण असते. गारठ्यात फुंकवाद्यं उतरतात, बँजोच्या तारा आखडून चढतात. हवेच्या हिशोबाने दहा अंशांच्या फरकाला फुंकवाद्य अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरावं. फुंकीने आतली हवा तापते म्हणून प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, पण कानाला खुपण्याइतकं उतरतंच. म्हणून आत गरम खोलीत सूर लावून बाहेर येणं फुकट. दोन धुना वाजवाव्यात, मग बँजोने फुंकवाद्यांशी जुळवून घ्यावं, उलट नाही. सरळ म्यूट (आवाज दाबायला तोंडात बसवायचा शंकू) लावला की ट्रंपेट थोडा चढतो, तेव्हा तो वापरायच्या आधी नळी किंचित बाहेर ओढून ठेवावी आणि काढल्यावर आत करायला विसरू नये. विसरतातच.

वाद्यांमधला तोल ध्वनियोजनाही बिघडवू शकते. प्रत्येक वाद्याच्या तोंडाशी एकेक माइक लावला की तोल वादकांच्या हातून जाऊन बटणवाल्याकडे जातो, आणि त्याला बहुधा मोठा ड्रम आवडतो. अर्धवर्तुळात उभं राहून मध्ये एकच माइक, क्लॅरिनेट एक पाऊल पुढे, ट्रंपेट एक पाऊल मागे आणि तोंड जरा बाजूला, बँजोला काहीच नाही, एवढ्याने छोट्या सभागृहाचं काम भागतं. सोलो असेल त्याने पुढे यायचं, संपला की मागे जायचं.

जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळच्या मैफलीत, अनोळखी वादक एकत्र आले की पट्टी बोटांनी सांगतात. बोटं खाली म्हणजे फ्लॅट, जितकी बोटं तितके फ्लॅट त्या पट्टीत: एक बोट एफ, दोन बी फ्लॅट, तीन ई फ्लॅट. म्होरक्याने मूठ वर केली की पुढचा कोरस शेवटचा. तो संपला की सगळे एकदम थांबतात, ड्रमवाला एकटा चार बार वाजवतो, आणि त्या चार बारांत बाकीच्यांनी श्वास घेऊन मात्रा मनात मोजायच्या असतात, कारण इथे कुणीही इशारा करत नाही. मग मूळ चालीचे शेवटचे चार बार पुन्हा, पूर्ण ताकदीने, आणि शेवटच्या ठोक्यावर झांज हातात घट्ट पकडून बंद.